अकबरीमावशी आणि भोक पडलेले गोचीड

गोचिडाबद्दल कुणी चार शब्द बरे बोललेले मी माझ्या अडतीस वर्षांच्या आयुष्यात ऐकलेले नाहीत. एखादा पिच्छा सोडत नसला की आपण म्हणतो, गोचिडासारखा चिकटलाय. मी मात्र गेली सात वर्षं गोचिडांच्याच जिवावर जगतोय. तळेगाव दाभाड्यात एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या दोन खोल्यांत आमची छोटीशी प्रयोगशाळा आहे. मावळातले गोचीड तिथे येतात, आणि मी ते धुतो, चिरडतो आणि त्यांच्या पोटात कोणकोणते जीवाणू आहेत ते तपासतो. माझी बायको पाहुण्यांना हे सगळं सांगत नाही. "धम्मदीप लॅबमध्ये आहेत," एवढंच म्हणते आणि चहा ठेवायला उठते.

हे गोचीड आणून द्यायचं काम इंदुरीच्या अकबरीमावशीचं. वय पंचावन्न, उंचीने बेताची, आवाजाने मुळीच नाही. किल्ल्याच्या मागच्या आळीत दोन खोल्यांचं घर आणि नऊ शेळ्या. नवरा टेम्पो चालवायचा, तो दहा वर्षांपूर्वी गेला. लेक खंडाळ्याला दिलेली, जावई तिथल्या एका हॉटेलात आचारी. मावशी चौथी शिकलेली आहे, पण तिच्यासमोर पदवी सांगायची हिंमत मी आता करत नाही.

तिची आमची गाठ कशी पडली ते सांगतो. गोचीड गोळा करायची पद्धत सोपी आहे. काठीला पांढरं फ्लॅनेलचं कापड बांधायचं आणि गवतावरून ओढत न्यायचं. गवताच्या टोकावर पाय पसरून बसलेल्या गोचिडाला वाटतं जनावर आलं, आणि तो कापडाला चिकटतो. पुस्तकात तरी तसं लिहिलंय. आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख राजेश्वरी मॅडम पुण्याहून पंधरा दिवसांतून एकदा येतात. प्रकल्पाच्या पहिल्या वर्षी त्यांनी आणि मी इंदुरीच्या गायरानात दोन तास कापड ओढलं आणि आम्हाला मिळाली फक्त कुसळं. बांधावर शेळ्या चारणारी एक बाई तोंडाला पदर लावून हसत होती.

"काय हुडकताय?" तिने विचारलं.

"गोचीड," मी म्हणालो.

"मग पोलीस मागं लागल्यागत पळताय कशाला? शेळी अशी चालती व्हय? ती दोन पावलं जाती, तोंड घालती, हुबी ऱ्हाती. ती हुबी ऱ्हाती तितंच त्यो चढतो."

तिने माझ्या हातातली काठी घेतली आणि शेळीच्या चालीने निघाली. दोन पावलं, थांबा. झुडपाच्या कडेला कापड टेकवून पुन्हा थांबा. वीस मिनिटांत कापडावर चाळीस गोचीड होते. मॅडमनी तिला तिथेच बांधावर कामाला ये म्हणून सांगितलं.

गोचिडाच्या पोटातले सगळेच जीवाणू रोगाचे नसतात, हे मी तिला एकदा समजावून सांगत होतो. गोचीड जन्मभर नुसतं रक्त पितो. रक्तात काही जीवनसत्त्वं नसतात, ती त्याच्या पोटात राहणारे जीवाणू त्याला तयार करून देतात. म्हणजे भाडेकरूच, पण घरमालकाला पोसणारा. मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे भाडेकरू हाकलला का मालक उपाशी." आमच्या प्रकल्पाचा अर्ज तीस पानांचा होता. त्या तीस पानांत आम्ही हेच लिहिलं होतं.

तीन वर्षं तिने जीव लावून काम केलं. प्रत्येक गोचीड वेगळ्या काचेच्या नळीत, नळीच्या तोंडाला मलमलीचं फडकं, चिठ्ठीवर पेन्सिलीने गाव आणि तारीख. नळीतला गोचीड मेला की ती माझ्यावर चिडायची, जणू मीच मारला. पहिल्यांदा गावात लोक तिची टिंगल करायचे. मग कुणाची कालवड हडकली, कुणाच्या कुत्र्याच्या कानात गोचीड झाले, की तिलाच हाक मारू लागले. तिला ते आवडायचं. ती लपवतही नसे.

आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी तो निकाल आला.

इंदुरीच्या गायरानातले साठ गोचीड आणि खंडाळ्याच्या घाटमाथ्यावरचे चाळीस, असे शंभर मी तपासले होते. लेकीकडे गेली की मावशी तिथलेही घेऊन यायची. इंदुरीच्या साठांपैकी अकरांत मला वोल्बाकिया नावाचा जीवाणू सापडला. हा डासांत असतो, फुलपाखरांत असतो, धान्यातल्या किड्यांत असतो. गोचीड पडला कोळ्याच्या कुळातला, किडा नव्हे; त्याच्यात तो असायचं काही कारण नव्हतं. उसाच्या फडात बोंबील सापडावा, तसा प्रकार झाला.

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "हा बाहेरून आलाय. नळ्या कुठे ठेवल्या होत्या, विचारा. पुढच्या महिन्यात पाहणी समिती येतेय. अकरा नमुने घाण निघाले तर तीन वर्षांचे सगळे आकडे संशयात येतील."

मी मावशीला विचारलं. तिने काही आडपडदा न ठेवता सांगितलं, "तांदळात ठिवल्या व्हत्या."

मी कपाळाला हात लावला.

"तुमच्या थर्माकोलच्या डब्यात वला कापूस वाळतो रं. दोन दिसांत निम्मे मरत्यात. तांदूळ गार ऱ्हातो. अंडी न्हाई का आपन तांदळात ठेवत?"

अंडी तांदळात ठेवतात, हे मला नवीन नव्हतं. माझी आईही ठेवते. आमच्या मावळात इंद्रायणी तांदळाचा डबा उघडला आणि हात खोल घातला, तर चार अंडी लागायचीच. पण आईच्या डब्यात जे लागतं तेच मावशीच्याही डब्यात होतं: पोरकिडे. तांदूळ आतून पोखरणारे ते काळपट, सोंडेवाले किडे. मी त्यातले पाच आणवले, तपासले, आणि पाचही वोल्बाकियाने भरलेले निघाले. मला इतका आनंद झाला म्हणता! एखाद्या फौजदाराला चोर सापडल्यावर होत असेल तसा. किड्यांची घाण मलमलीतून नळीत गेली, तिथून गोचिडाला लागली, संपलं. मी वहीत ठळक अक्षरांत लिहिलं: 'इंदुरी, अकरा नमुने दूषित. नळ्या तांदळात ठेवल्या होत्या. कारण: गोळा करणाऱ्याचा निष्काळजीपणा.'

खरं तर गोचीड चिरडण्याआधी मी ते तीनदा स्पिरिटने धुतो. मग किड्यांची घाण उरेल कशी, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. नाही पडला.

मॅडमनी फोनवरच सांगितलं, त्यांना थांबवा. सांगायचं काम माझ्याकडे आलं. एरवी मी तिला 'मावशी, तू' म्हणतो. त्या दिवशी म्हणालो, "मावशी, तुम्ही सोमवारपासून येऊ नका."

ती खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली. गळ्यातलं ओळखपत्र काढून तिने टेबलावर ठेवलं.

"तांदळात ठिवल्या, ही माजी चूक. मला इचारायला पायजे व्हतं," ती म्हणाली. "पर मला येक सांग. खंडाळ्याच्या नळ्या बी त्याच डब्यात व्हत्या. त्यांत काय न्हाई घावलं. मग किडं काय गावाचं नाव वाचून शिरलं?"

"असं होतं कधीकधी, मावशी," मी म्हणालो. उत्तर नसलं की आमच्या धंद्यात हेच म्हणतात.

"लोक इचारतील मला का काढलं. काय सांगू? माजं हात घान हाईत म्हनून?"

ती गेल्यावर मी वही बंद केली आणि चहा प्यायला गेलो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याचं मला त्या दिवशी मुळीच जाणवलं नाही, हे कबूल करतो.

पुढचा महिना तिने कसा घालवला, ते मला नंतर तिच्याकडून कळलं. घरी जाऊन तिने आधी कुणाशी भांडण काढलं नाही. शेळ्यांचा गोठा झाडायला घेतला. झाडता झाडता केरात तिला गोचिडाचं एक वाळकं टरफल दिसलं, त्याला एका बाजूला गोल भोक. अशी भोकाची टरफलं तिने वर्षानुवर्षं पाहिली होती. साळुंकीने चोच मारली असेल, असं समजून ती सोडून द्यायची. या वेळी तिने ते उचलून उन्हात धरलं. भोकाची कड बाहेरच्या बाजूला वळलेली होती.

इंदुरीत जनावराचा गोचीड काढला की तो सरळ विस्तवावर टाकतात. फट्‌ असा आवाज आला की काम झालं. मावशीही तेच करायची. त्या दिवशी तिने शेळ्यांच्या कानांतून रक्त पिऊन मसुराएवढे फुगलेले एकवीस लहान, अजून पूर्ण न वाढलेले गोचीड काढले आणि विस्तवावर न टाकता लोणच्याच्या बाटलीत घातले. बाटली आधी उकळून घेतली. तोंडाला मलमल दुहेरी बांधली, वर दोन गाठी मारल्या. आणि तांदळाच्या डब्यापासून लांब, माठाखालच्या ओल्या वाळूत ती बाटली रोवली. शेजारच्या शकुबाईने विचारलं, "काय गं, गोचिडाचं लोनचं घालतीस का काय?" मावशी म्हणाली, "व्हय, तुलाच वाडीन पहिलं."

रमजान सुरू झाला. रोजे असले की दुपारी चूल पेटवायची नसते, हात रिकामे असतात. नमाज झाली की ती बाटली घेऊन दारात बसायची. तिसऱ्या आठवड्यात सतरा गोचिडांनी कात टाकली आणि ते मोठे होऊन बाटलीत फिरू लागले. चार मात्र तसेच पडून राहिले. ते काळे पडले, कडक झाले. दुसऱ्या कुणी ते मेले म्हणून फेकून दिले असते. तिने ठेवले. ईदच्या दिवशी घरभर पाहुणे, त्यात तिला बाटलीकडे बघायला सवडच झाली नाही. संध्याकाळी लेक-जावई परत गेल्यावर तिने ती हातात घेतली. आत खसखशीच्या दाण्याएवढे काळे जीव काचेवर चढत होते, त्यांना पंख होते. आणि त्या चारही गोचिडांना भोकं पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रयोगशाळेच्या फाटकाशी उभी राहिली. मी तिला खिडकीतून पाहिलं. तिच्या हातात पिशवी होती. माझ्या मनात आलं, दरवर्षीसारखा शिरखुर्मा आणला असणार. आपण हिला काढलं आणि ही आपल्याला गोड खायला घालायला आलीय. मला लाज वाटली. मी बाहेर गेलो.

"ईद मुबारक, मावशी."

"मुबारक. ह्यो घे." तिने स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. शिरखुर्माच होता. मग तिने फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली. "आनि हे आदी बघ. खायाचं नंतर."

मी बाटली उजेडात धरली. "चिलटं शिरलीत, मावशी."

"गाठ बघ."

गाठ मी पाहिली. दोन्ही गाठी पक्क्या होत्या.

"आता भोक बघ. कड बाहेर वळलीया. कुनी आत शिरलं न्हाई, आतलं बाहेर आलंय."

मी तिला आत नेलं. एक मेलेला जीव सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मुंगीसारखी बारीक कंबर, चार पातळ पंख. मी बाजूला झालो आणि मावशीला बघायला लावलं. एक डोळा मिटून तिने बराच वेळ पाहिलं.

"ही तर गांधीलमाशीची भन दिसती," ती म्हणाली. "लय बारीक."

होती ती गांधीलमाशीच्याच कुळातली. ही माशी लहान गोचिडाच्या अंगात अंडी घालते. अंडी गुपचूप पडून राहतात. गोचीड एकदा पोटभर रक्त प्याला की ती उबतात, आणि आतल्या अळ्या गोचिडाला आतून खाऊन, भोक पाडून, पंख फुटलेल्या अवस्थेत बाहेर पडतात. चोरावर मोर. हे सांगता सांगताच पुढचं मला कळून चुकलं.

वोल्बाकिया किड्यांत असतो. माशी हा किडाच.

तीन दिवस मी नीट जेवलो नाही. मावशीच्या बाटलीतल्या दहा माश्या तपासल्या, दहाही वोल्बाकियाच्या. मग त्या जुन्या शंभर गोचिडांचं उरलेलं द्रव्य फ्रीजरमधून काढलं आणि त्यात या माशीचा अंश आहे का, ते शोधलं. वोल्बाकिया सापडला होता त्या अकराच्या अकरा गोचिडांत माशी होती. उरलेल्या एकोणनव्वदांत नव्हती. माझ्या हातांखालून गेलेल्या त्या गोचिडांच्या पोटात माशीची अंडी होती आणि जीवाणू त्या अंड्यांतला होता. तांदळाचा, पोरकिड्यांचा, मावशीच्या हातांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "बाहेरच्या देशांत हे सापडलंय, धम्मदीप. आपण वाचलं होतं."

"मीही वाचलं होतं," मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी त्या इंदुरीला आल्या. मावशीच्या गोठ्यात पालथ्या घमेल्यावर बसल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "अकबरीताई, माझं चुकलं. तुम्ही खंडाळ्याच्या नळ्यांबद्दल विचारलं होतं, धम्मदीपने सांगितलं मला. ते ऐकून घ्यायला हवं होतं."

"तुमी पुन्यात व्हता," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे बोट केलं. "ह्यो हितं व्हता."

मी शेळीच्या कानाकडे बघत राहिलो. शकुबाई कुंपणापलीकडून हे सगळं ऐकत होती आणि तिने ऐकलं म्हणजे संध्याकाळपर्यंत इंदुरीने ऐकलं. मावशीला ते ठाऊक होतं. आपलं सगळं बोलणं तिने जरा चढ्या आवाजातच केलं.

त्या दिवशी गोठ्यातच पुढचं काम ठरलं, आणि ते ठरवलंही तिनेच. "आमी समदे गोचीड जाळतो," ती म्हणाली. "म्हंजे आतल्या माश्या बी जाळतो. आपल्या कामाचं मानूस आपनच मारतो." मग काय करायचं, मॅडमनी विचारलं. तिने लगेच रीत सांगितली. बाटलीच्या तोंडाला मलमलीऐवजी मच्छरदाणीचं कापड बांधायचं. गोचीड त्यातून बाहेर येणार नाही, माशी मात्र येईल. बाटली गोठ्यातच टांगायची. आज इंदुरीत सतरा गोठ्यांत अशा बाटल्या टांगलेल्या आहेत. कुणाचं कापड ढिलं, कुणाच्या बाटलीत मुंग्या, रोज काहीतरी निघतंच आणि मावशी घरोघरी जाऊन ओरडत असते. गोचीड कमी झाले का, असं लोक विचारतात. एका वर्षात ते सांगता येत नाही. पण यंदा केरात भोकाची टरफलं गेल्या वर्षीपेक्षा जास्त सापडताहेत आणि खंडाळ्याच्या रानात ही माशी का नाही, ते शोधायला आम्हाला आणखी तीन वर्षांचं काम मिळालंय. मला खूप आशा वाटते. गोचिडांच्या धंद्यात हा शब्द मी पहिल्यांदाच वापरतोय.

पण ती कामावर परत आली त्या सोमवारचं सांगायचं राहिलं.

आल्या आल्या तिने मला विचारलं, "माज्या नावानं वहीत काय लिव्हलंयस?"

मी वही उघडली आणि वाचून दाखवलं. 'गोळा करणाऱ्याचा निष्काळजीपणा' हे शेवटचे शब्दही वाचले. पेन हातात तयारच होतं. मी त्या ओळीवर रेघ मारायला गेलो तर तिने माझं मनगट धरलं.

"खोडू नगंस."

"मावशी, ते खोटं आहे."

"तांदळात ठिवल्या व्हत्या, ते खरं हाय. खोडलंस तर उद्या कुनी म्हनंल, बाईनं लपवाया लावलं. ऱ्हाऊ दे तसंच. त्याच्याखाली लिही, आता काय कळलं ते."

मी लिहिलं: 'वरचा निष्कर्ष चुकीचा. अकरा नमुने स्वच्छ होते. जीवाणू गोचिडातल्या माशीचा. माशी अकबरी यांनी शोधली. चूक तपासणाऱ्याची.' वही तिच्यापुढे केली. तिने प्रत्येक शब्दाखालून बोट नेत सावकाश वाचलं, आणि शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"तपासनारा कोन, ते बी लिही," ती म्हणाली.

मी माझं पूर्ण नाव लिहिलं.